मुळाला उत्तर सापडलं, आभाळाचं काय?

आमच्या आजोबांच्या जुन्या कागदांवर पत्ता आहे : तालुका तासगाव, जिल्हा दक्षिण सातारा. १९४९ ला साताऱ्यातून हा जिल्हा वेगळा झाला, १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. नाव बदललं, पाऊस तोच राहिला. माण-खटावपासून जतपर्यंत सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. परतीच्या पावसाच्या ओलीवर शाळू पिकवायचा. अशा रानात आपल्या माणसांनी द्राक्षं लावली!

सुरुवातीला सगळा थॉमसन सीडलेस. पुढं बोरगावच्या वसंतराव आर्वे यांना त्याच बागेत एका वेलावर वेगळे मणी दिसले. त्यांनी ती काडी जपली, वाढवली. तोच आपला 'तास-ए-गणेश'.

वाण घरचा झाला, पण मूळ नाजूकच. विहिरी आटल्या, बोअर खोल गेले, पाणी मचूळ झालं. पानांच्या कडा करपायला लागल्या. मग आला डॉगरिज. टेक्सासच्या रानवेलापासून आलेला हा खुंट पाण्याचा ताण सोसतो, क्षारही सोसतो. एकोणिसाव्या शतकात मुळं खाणाऱ्या किडीनं फ्रान्सच्या बागा बसल्या, तेव्हा त्यांनाही अमेरिकन खुंटांनीच तारलं होतं. त्यांनी किडीसाठी कलमं भरली, आपण दुष्काळासाठी.

२००३ चा दुष्काळ मला चांगला आठवतो. टँकरनं पाणी घालूनही आमच्या स्वमुळावरच्या निम्म्या बागेचं सरपण झालं. बांधापलीकडची डॉगरिजवरची बाग मात्र तगली. अण्णा रोज संध्याकाळी त्या बांधावर जाऊन उभे राहायचे. बोलायचे काही नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी कर्ज काढून सगळी बाग खुंटावर लावली. वाटलं, आता सुटलो.

२०१९ ला ऑक्टोबर छाटणी झाली आणि पाऊस थांबेचना. बाग ऐन फुलोऱ्यात. दावण्या आला, घडकूज झाली. दिवसातून दोन-दोन फवारण्या केल्या, पण ट्रॅक्टरच चिखलात रुतायचा. मूळ ठणठणीत होतं, घड मात्र मातीत पडले होते.

तेव्हा कळलं, आपण पीक कणखर केलं ते दुष्काळापुरतं. संकट आता वरून येतंय. प्लॅस्टिकचं आच्छादन हा उपाय आहे, पण तो खर्च लहान बागायतदाराला झेपत नाही. त्याला अनुदान हवं, विमा वेळेवर मिळायला हवा आणि पावसात टिकणारे वाणही हवेत. नाहीतर बागा तुटत राहणार. आमच्या शिवारात त्या तुटतायतच.

एक काम मात्र आपल्या हातातलं आहे. आर्वेंनी काय केलं? वेगळी काडी दिसली, ती तोडून टाकली नाही. यंदा पावसात सगळ्या बागेचे घड गेले आणि एखाद्या वेलाचा टिकला, तर त्या वेलाला चिंधी बांधून ठेवा. संशोधन केंद्राच्या माणसांना बोलावून दाखवा. पुढच्या वर्षी परत बघा.

कुणाच्या बागेत असा वेल असेल तर खाली जरूर लिहा.