लिली लावताय? आधी बघा, कंद कांद्यासारखा आहे की लसणासारखा

पुण्याच्या मार्केट यार्डातल्या फुलांच्या बाजारभावाची यादी कधी नीट वाचली आहे का? त्यात 'लिली बंडल' अशी एक ओळ असते आणि 'लिलियम' अशी दुसरी. लिली बंडल म्हणजे हिरवट पांढऱ्या लांब कळ्यांची जुडी, जी हारात आणि वेणीत जाते. लिलियम म्हणजे बुके आणि स्टेजच्या सजावटीतली मोठी, तुताऱ्यांसारखी उघडणारी महागडी फुलं, जी काडीवर विकली जातात. बाजाराने या दोघांना वेगळं ठेवलंय, कारण ही दोन पूर्णपणे वेगळी झाडं आहेत.

घरच्या बागेत मात्र ही गल्लत कायम होते. ऑनलाइन फोटो बघून गुलाबी 'लिली'चे कंद मागवले जातात, पहिल्या हिवाळ्यात फुलं येतात, घरात कौतुक होतं. पुढच्या वर्षी नुसती पानं. त्याच्या पुढच्या वर्षी तीही नाहीत. सांगली किंवा कराडच्या बागेत असं झालं तर त्यात माळ्याचा दोष फारसा नसतो. ते झाडच इथल्या हवेचं नाही.

खरी लिली ओळखायची कशी?

फूल येईपर्यंत थांबायची गरज नाही, कंद हातात घेतला की कळतं.

वनस्पतिशास्त्रात जिला लिली म्हणतात त्या लिलियमचा कंद सोललेल्या लसणाच्या गड्ड्यासारखा दिसतो. एकावर एक जाड पांढऱ्या पाकळ्या, वर कागदासारखं साल नाही. साल नसल्यामुळे हा कंद उघड्यावर लवकर सुकतो, म्हणूनच तो ओलसर भुशात किंवा कोकोपीटमध्ये बांधून येतो. दुकानात उघड्या टोपलीत पडून सुरकुतलेला कंद स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

रेन लिली, स्पायडर लिली, अमरिलिस आणि सुदर्शन यांचे कंद कांद्यासारखे असतात, वर कोरडं तपकिरी साल. गंमत म्हणजे आजच्या वर्गीकरणात ही झाडं खरोखरच कांदा-लसणाच्या कुळात मोडतात. लसणासारखी दिसणारी लिलियम मात्र त्या कुळातली नाही. पीस लिली तर अळूची नातेवाईक आहे आणि वॉटर लिली म्हणजे आपलं कुमुद. नावापलीकडे त्यांचा इथे संबंध नाही.

मग खरी लिली पुन्हा का फुलत नाही?

लिलियम हे थंड प्रदेशातलं झाड. भारतात त्याच्या जंगली जाती हिमालयात आहेत. च्यवनप्राशाच्या अष्टवर्गातली क्षीरकाकोली ही त्यांतलीच एक. दक्षिणेत निलगिरी, पळणी अशा उंच डोंगरांवर एक जात आहे. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत एकही नाही.

या कंदाला फुलाचा दांडा काढण्याआधी काही आठवडे थंडीत झोप लागते. विकत मिळणारे कंद बहुतेक हॉलंडमधून येतात आणि ही थंडी त्यांना शीतगृहात आधीच मिळालेली असते. पहिल्या वर्षीचं फूल ही त्या शीतगृहाची पुण्याई. दुसऱ्या वर्षी कंद आपल्या कुंडीत एप्रिल-मेचा उन्हाळा काढतो, जूनमध्ये भिजतो आणि थंडी मिळत नाही म्हणून फुलतही नाही.

साताऱ्याचा पश्चिम भाग याला थोडा अपवाद आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,४०० मीटरवर आहे. वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या थंडीत येत असतात. पाचगणी-महाबळेश्वरच्या बागांत लिलियम सांगलीपेक्षा नक्कीच सुखात राहते. पण महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि साल नसलेला कंद त्यात टिकत नाही. म्हणून तिथेही पावसाआधी कंद काढून घ्यावे लागतात.

तरीही हौस असेल तर? सातारा, वाई, कराड, सांगली, मिरज इथे नोव्हेंबरमध्ये लावा. आठ-दहा इंच खोल कुंडी, कंदाच्या डोक्यावर चार इंच माती. लिलियमला कंदाच्या वर, मातीतल्या दांड्यालाही मुळं फुटतात, म्हणून उथळ लावून चालत नाही. सकाळचं ऊन, दुपारी सावली. एशियाटिक जातींना साधारण अडीच-तीन महिन्यांत फुलं येतात. ओरिएंटल जातींना जास्त वेळ लागतो, पण सुगंध त्यांनाच असतो. फूल गेल्यावर दांडा लगेच कापू नका, पानं पिवळी होईपर्यंत कंद त्यांच्यावरच पोसला जातो. मग कंद काढून, भोकं पाडलेल्या पिशवीत ओलसर कोकोपीट घालून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात सहा ते आठ आठवडे ठेवायचा. फ्रीझरमध्ये नाही. शेजारी सफरचंद किंवा पिकलेली फळं नकोत, कारण त्यांच्यातून निघणाऱ्या वायूने आतली कळी खराब होते. पिशवीवर मोठ्या अक्षरात 'खायचं नाही' असं लिहिणं अत्यावश्यक.

एवढं सगळं करूनही दुसऱ्या वर्षीचं फूल पहिल्यापेक्षा लहानच येण्याची शक्यता जास्त. लिलियमकडे शेवंतीसारखं एका हंगामाचं फूल म्हणून बघितलं तर मनस्ताप कमी होतो.

वळवाच्या पावसाची लिली

माण, खटाव, जत, आटपाडी, कवठे महांकाळ. या तालुक्यांत हिरवळ राखणं म्हणजे टँकरच्या पाण्याशी खेळ. तिथल्या अंगणासाठी रेन लिलीपेक्षा सोयीचं झाड सापडणं कठीण. मूळची अमेरिका खंडातली, पण वागणं असं की जणू वळीव बघूनच घडवली आहे. उन्हाळाभर पानं मलूल, कधी कधी पूर्ण गायब. वळवाची एक दणदणीत सर आली की दोन-चार दिवसांत जमिनीतून कळ्या वर येतात. गुलाबी सगळ्यात जास्त दिसते, पांढरी आणि पिवळीही मिळते. एक फूल एक-दोन दिवसच टिकतं, पण दाट वाफा असेल तर एकाच सकाळी सगळा फुलतो.

नुसत्या नळाच्या पाण्यावर ती इतकी खूश का होत नाही, याचं उत्तर कोरड्या काळात आहे. रोज थोडं थोडं पाणी मिळालं की झाड पानंच वाढवत बसतं. कुंडीतली रेन लिली फुलत नसेल तर दोन-तीन आठवडे पाणी पूर्ण तोडायचं आणि मग एकदा कुंडीच्या तळातून निघेपर्यंत भरपूर द्यायचं. बऱ्याचदा आठवड्याच्या आत कळ्या दिसतात. कंद दोन इंच खोल, एकमेकांपासून तीन बोटं अंतरावर. गर्दी झाली तरी घाईने वेगळे करू नका, दाटीत ती चांगली फुलते.

अमरिलिसचंही गणित जवळपास असंच आहे. कांद्याएवढा किंवा त्याहून मोठा कंद, मार्च ते मेच्या दरम्यान पोकळ जाड दांडा आणि त्यावर लाल-केशरी भोंगे. हिवाळ्यात पाणी कमी करून विश्रांती दिली की उन्हाळ्यात फूल येतं. इथे कंद खोल पुरायचा नाही, मान मातीच्या वर राहिली पाहिजे. मे फ्लॉवर किंवा फुटबॉल लिली वर्षातून एकदाच, नावाप्रमाणे मेच्या आसपास लाल चेंडू काढते. आफ्रिकेतून आलेलं हे झाड उरलेलं वर्ष लक्षातही राहत नाही. त्यामुळे कुंडी रिकामी समजून कोणीतरी त्यात मिरची लावतं.

कृष्णाकाठच्या काळ्या मातीत काय?

सांगलीला हळदीमुळे एक शब्द घरोघरी माहीत आहे, कंदकूज. लिलीच्या बाबतीतही खरा शत्रू तोच. काळी माती पाणी धरून ठेवते, निचरा होत नाही आणि कंद बुडाकडून मऊ पडतो. हळदीला गादीवाफा लागतो त्याच कारणासाठी अमरिलिस आणि रेन लिलीलाही लागतो. वाफा सहा-आठ इंच उंच, काळ्या मातीत तिसरा हिस्सा जाडी वाळू किंवा विटांचा चुरा, पूर्ण कुजलेलं शेणखत. कच्चं शेणखत कंदाला चिकटलं तर कूज आमंत्रण देऊन बोलावल्यासारखंच. हळदीला वापरतात तो ट्रायकोडर्मा शेणखतात मिसळून इथेही चालतो.

पण काही जागा अशा असतात की तिथे पाणी साचणारच. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा तिथे ५७ फुटांच्या वर गेली होती. एवढ्या पुरापुढे कुठल्याच बागेचं काही चालत नाही. पण दर पावसाळ्यात चार-आठ दिवस चिखल राहणाऱ्या सखल परड्यात काय लावायचं, हा प्रश्न उरतोच. याचं उत्तर म्हणजे स्पायडर लिली आणि सुदर्शन. दोघींनाही ओली जमीन मानवते. स्पायडर लिली हीच बाजारातली 'लिली बंडल'. हारासाठी तिची कळी उमलण्याआधीच तोडतात. ज्यांनी ती फक्त हारात बघितली आहे त्यांना उमललेलं फूल ओळखूच येत नाही. संध्याकाळी मधला पातळ पांढरा पेला आणि त्याभोवती कोळ्याच्या पायांसारख्या लांब सहा पाकळ्या उलगडतात. सुगंधही तेव्हाच येतो, कारण तिला रात्रीच्या पतंगांना बोलवायचं असतं. म्हणून ही झाडं फाटकापाशी लावण्यापेक्षा संध्याकाळी बसायची जागा असते तिथे लावावीत.

एका रात्रीत पानं कोणी खाल्ली?

पावसाळ्यात सुदर्शन, अमरिलिस किंवा स्पायडर लिलीची पानं अचानक चाळणीसारखी झाली तर पानाच्या मागे आणि बुडाशी बघा. काळ्या अंगावर पांढरे ठिपके आणि लालसर-केशरी डाग असलेल्या अळ्या दिसतील. ही लिली मॉथ नावाच्या पतंगाची अळी. झुंडीने खाते आणि कोवळं झाड दोन दिवसांत बुडापर्यंत संपवते. पहिल्या दिवशी लक्षात आलं तर औषध लागत नाही. हातमोजे घालून अळ्या वेचायच्या आणि साबणाच्या पाण्यात टाकायच्या, सलग तीन-चार सकाळी. अळी कोषात जाण्यासाठी मातीत उतरते, त्यामुळे बुडाची माती हलकीशी उकरणंही उपयोगी पडतं. लहान अळ्यांवर निंबोळी अर्क चालतो, मोठ्या झालेल्यांवर फारसा नाही. पानं गेली तरी कंद शाबूत असतो आणि पुन्हा फुटतो. झाड मेलं समजून उपटू नका.

दिसायला सुंदर, पण विषारी

बागेतल्या या लिल्यांचे कंद पोटात जाऊ द्यायचे नाहीत. कांद्यासारखे दिसतात म्हणून धोका जास्त, विशेषतः कंद काढून स्वयंपाकघराजवळ वाळत ठेवले तर. ज्यांच्या घरात मांजर आहे त्यांनी लिलियम आणि डे लिली आणूच नये. पान चावलं, अंगावर पडलेला पराग चाटला किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. असं झाल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न पाहता ताबडतोब जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यायचं.

सह्याद्रीच्या कुंपणांवर पावसाळ्यात पिवळ्या-लाल ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी ऊर्फ अग्निशिखा ही 'ग्लोरी लिली'. पानाच्या टोकाचीच तिची दोरी होते आणि ती धरून वेल चढते. ही तमिळनाडूची राज्यफूल आहे. तिथे तिच्या बियांसाठी शेतीही होते, कारण बियांतलं कोल्चिसिन औषधात लागतं. तेच कोल्चिसिन जास्त प्रमाणात जीवघेणं ठरतं आणि ते तिच्या कंदात भरपूर असतं. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी पूर्वी तिचा वापर होई, नाव तिथून आल्याचं सांगतात. घरात आणली की भांडणं लागतात असाही समज आहे. भांडणाचं माहीत नाही, पण लहान मुलं आणि शेळ्या असलेल्या घरात ती नसलेलीच बरी.

डोंगरावरचा कंद डोंगरावरच

कास पठाराचा २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटाचा भाग म्हणून समावेश झाला. तिथली फुलं तोडायला आणि कंद उपटायला मनाई आहे. नियम बाजूला ठेवला तरी व्यवहारातही त्यात फायदा नाही. कातळावरच्या वीतभर मातीत, धो धो पावसात आणि मग आठ महिन्यांच्या कोरड्या काळात जगायची सवय झालेला कंद अंगणातल्या रोजच्या पाण्याने बहुधा कुजतोच.

उपटण्याची किंमत किती असू शकते हे सुदर्शनाच्या एका जंगली बहिणीवरून कळतं. पुण्याच्या सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या आणि भारतातल्या बागकामावर पुस्तक लिहिणाऱ्या जी. एम. वुड्रो यांच्या नावाने ती ओळखली जाते, क्रायनम वुड्रोई. महाबळेश्वर परिसरातल्या या पांढऱ्या फुलाचं वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालं आणि त्यानंतर शंभरेक वर्षं ते कोणाला सापडलं नाही. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधल्या केट्स पॉइंटच्या उतारावर ते पुन्हा मिळाल्याची नोंद २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. केट्स पॉइंटला रोज शेकडो पर्यटक सेल्फी काढतात.

बागेसाठी सुदर्शन हवाच असेल तर तो मिळवणं अवघड नाही. जुन्या घरांच्या विहिरीपाशी, देवळांच्या आवारात, शाळांच्या कुंपणाला तो असतोच. जुन्या झाडाच्या बुडाशी पिल्लं सुटतात. ती पावसाळ्याच्या सुरुवातीला मुळांसकट वेगळी करून, मान वर ठेवून लावायची. पिल्लू नाही मिळालं तर बी मागा. सुदर्शनाचं बी लहान लिंबाएवढं, हिरवट आणि मांसल असतं. ते पेरण्याचीही घाई नसते. नुसतं खिडकीत ठेवलं तरी स्वतःच्याच ओलाव्यावर त्याला मूळ फुटतं. मूळ दिसलं की ते मातीत अर्धवट टेकवून ठेवायचं. फुलासाठी मात्र तीन-चार वर्षं थांबावं लागतं.