दारावरच्या दोन आकड्यांची कुळकथा

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोटके आणि प्रणोदके, म्हणजे तोफगोळ्याला नळीतून पुढे ढकलणारी जळाऊ द्रव्ये, तयार होतात. अशा उद्योगात धोक्याच्या इमारतीवर केवळ ‘सावधान’ लिहून भागत नाही. आत एका वेळी किती माणसे आणि किती स्फोटक असावे, हे आकड्यांत लिहिण्याची रीत आहे. या मर्यादांना ‘मॅन लिमिट’ आणि ‘एक्स्प्लोझिव्ह लिमिट’ म्हणतात.

आरंभीची सूचना निव्वळ शाब्दिक होती. १८६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत नायट्रोग्लिसरीनची पेटी फुटून माणसे दगावली, तेव्हा अमेरिकेने अशा पेट्यांवर द्रव्याचे नाव आणि ‘धोकादायक’ असा शेरा लिहिण्याची सक्ती केली. त्यातून हमालाला धोका कळे, प्रमाण मात्र कळत नसे. लंडनच्या रीजंट्स पार्कलगतच्या कालव्यात १८७४ मध्ये बंदुकीची दारू वाहणारी नौका उडाली आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या स्फोटक कायद्याने खरी कलाटणी दिली: धोक्याच्या प्रत्येक इमारतीत किती स्फोटक ठेवण्यास परवानगी आहे, याचे निवेदन नियमांसह सहज वाचता येईल असे कायम लावलेले असावे, असे त्यात ठरले.

हा आकडा इमारतीची जागाही ठरवतो. स्फोटाच्या धक्क्यासाठी लागणारे सुरक्षित अंतर स्थूलमानाने वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणून स्फोटक आठपट झाले तर अंतर दुप्पट लागते. मर्यादा मोडली की आजूबाजूच्या इमारतींचे हे गणितही कोसळते, आणि फलक वाचणाऱ्याला ते सहसा कोणी समजावून सांगत नाही.

भारतात १८८४ चा स्फोटक कायदा आला. त्याचा अंमल पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आज जवाहरनगरहून फार दूर नसलेल्या नागपुरात आहे. तरी आयुध निर्माण्यांना त्या कायद्याच्या बहुतेक कलमांतून सूट असून, अपघाताची वर्दी देण्याचे कलम मात्र त्यांनाही लागू राहते. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या निर्माणीत झालेल्या स्फोटात किमान आठ कामगार मृत्युमुखी पडले. माणसांच्या मर्यादेचा आकडा स्फोट टाळत नाही; स्फोट झालाच तर आत किती माणसे सापडतील, एवढेच तो आधी ठरवून ठेवतो.