बोबेश

बोबेश : जळत्या मेणबत्तीवरून ओघळणारे मेण झेलण्यासाठी तिच्या बुडाभोवती बसवलेली उथळ बशी. मूळ शब्द फ्रेंच असून तो स्त्रीलिंगी आहे. शमादानात मेणबत्ती खोचण्याचा सुटा, काठ असलेला भाग यालाही फ्रेंचमध्ये हेच नाव आहे. तिथून हा शब्द इंग्रजीत गेला. आज तो मुख्यतः झुंबरे दुरुस्त करणारे आणि जुन्या वस्तूंचे व्यापारी यांच्याच तोंडी आढळतो. मराठीत या वस्तूला वेगळे नाव रूढ नाही. समईखालची पसरट ताटली ओघळलेले तेल झेलते, तेच काम बोबेश मेणाच्या बाबतीत करते.

रचना : बशीच्या मध्यभागी मेणबत्ती जाईल एवढे भोक असते आणि कडा किंचित वर वळलेली असते. ती पितळ, चांदी, चिनी माती किंवा काच यांची करतात. झुंबरातील काचेच्या बोबेशच्या काठाला बारीक छिद्रे पाडलेली असतात व त्यांतून तारेच्या आकड्यांनी लोलक टांगतात. बशी सुटी असल्याने साचलेले मेण काढणे सोपे जाते. धातूच्या बशीवरचे मेण कोमट पाण्याने मऊ करून पुसतात. सुरीने खरवडल्यास चरे पडतात.

मेण ओघळण्याची कारणे : ज्योतीच्या उष्णतेने वातीभोवती वितळलेल्या मेणाचे तळे तयार होते आणि भोवतीची घट्ट मेणाची कड त्याला आवरून धरते. वाऱ्याने ज्योत कलली, की एका बाजूची कड वितळून फुटते व मेण खाली वाहते. वात जळून लांब राहिली, तर ज्योत मोठी होऊन गरजेपेक्षा जास्त मेण वितळते. जनावरांच्या चरबीच्या मेणबत्त्यांत हा दोष फार असे, कारण चरबी कमी तापमानाला वितळते. मधमाशांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. त्याच्या मेणबत्त्या कमी ओघळत, पण त्या महाग असल्याने मुख्यतः चर्च व श्रीमंतांच्या घरी वापरल्या जात.

इतिहास : मध्ययुगीन युरोपात मेणबत्ती टोकदार खिळ्यावर रोवत आणि खिळ्याच्या बुडाशी रुंद थाळी असे. पुढे खिळ्याच्या जागी खोबण आली. सतराव्या शतकातील अनेक इंग्लिश शमादानांत ही थाळी दांड्याच्या मध्यावर दिसते. नंतर ती वर सरकत खोबणीच्या तोंडाशी आली व सुटी झाली.

१८२५ मध्ये शेव्हरल आणि गे-ल्युसॅक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी चरबीपासून मिळणाऱ्या मेदाम्लांच्या मेणबत्त्यांचे पेटंट घेतले. त्याच सुमारास विणलेली वात आली. ती जळताना वाकून ज्योतीच्या कडेला येते आणि तिचे टोक आपोआप जळून जाते. त्यामुळे वारंवार वात कातरावी लागेना. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅराफिनच्या मेणबत्त्याही आल्या. मेण ओघळणे कमी झाले, तसे बशीचे कामही घटले.

आजचा वापर : विजेच्या झुंबरात ओघळायला मेणच नसते, तरीही दिव्याखाली बोबेश असते, लोलक टांगायला तिचा आधार लागतो. मूळ काम मात्र चर्चमध्ये टिकले आहे. ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या कॅथलिक उपासनेत मोठ्या पास्का मेणबत्तीवरून भाविक आपापल्या हातातील मेणबत्त्या पेटवतात. गोवा व वसईच्या चर्चमध्येही हा विधी होतो. अशा वेळी बोटांना चटका बसू नये म्हणून मेणबत्ती पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या चकतीतून खोचतात. दुकानात तिला बोबेश म्हणून कोणी मागत नाही. पण ओघळते मेण झेलणारी ही चकती बोबेशच होय.