चवीवरील गंध व दृष्टीचा प्रभाव

चवीवरील गंध व दृष्टीचा प्रभाव : अन्नाची चव ठरवण्यात जिभेबरोबर नाक व डोळे यांचाही असलेला वाटा. बोलण्यात ज्याला आपण चव म्हणतो, तिच्यात जिभेला कळणारी रुची, नाकाला कळणारा वास, मिरचीचा झणका, अन्नाचा ऊन-थंडपणा आणि पोत हे सारे मिसळलेले असते. या नोंदीत जिभेच्या संवेदनेला रुची आणि एकत्रित अनुभवाला स्वाद म्हटले आहे. उदाहरणे मुख्यतः खानदेशातील, जामनेर परिसराच्या खाण्यातील आहेत. जामनेर हे जळगाव जिल्ह्यात कांग नदीकाठी वसलेले तालुक्याचे गाव. कपाशी व केळी ही आसपासची पिके. थंडीत शेतावर भरीत आणि बारा महिने शेवभाजी हा इथला रिवाज.

जिभेचा आवाका : गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या पाच मूलभूत रुची मानल्या जातात. उमामी ही मांस, टोमॅटो, आंबवलेले पदार्थ यांतील ग्लुटामेटची रुची. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेडा यांनी ती १९०८ मध्ये वेगळी दाखवली. जिभेच्या टोकाला गोड आणि मुळाशी कडू कळते, असा नकाशा शालेय पुस्तकांत बरीच वर्षे छापला जात होता. तो चुकीचा ठरला आहे. रुचिकलिका असलेल्या सर्व भागांना सर्व रुची कळतात. तिखटाला आयुर्वेदाच्या षड्रसांत स्थान आहे. आधुनिक शरीरक्रियाविज्ञान मात्र त्याची गणना रुचीत करत नाही. मिरचीतील कॅप्सेसिन हे उष्णता व वेदना ओळखणाऱ्या टीआरपीव्ही-१ या ग्राहीला चेतवते. हा ग्राही डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये शोधला. ज्युलियस २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी होते.

गंधाचा वाटा : वास नाकात दोन वाटांनी पोचतो. एक नाकपुड्यांतून, हुंगताना. दुसरी तोंडातून : घास चावताना व गिळताना सुटणारे बाष्पशील रेणू उच्छ्वासाबरोबर टाळूमागून नाकाच्या माथ्याशी जातात. या दुसऱ्या वाटेने आलेला वास मेंदू तोंडातच घडला असे धरतो, म्हणून त्याचे श्रेय जिभेला मिळते. माणसाकडे सुमारे ४०० प्रकारचे गंधग्राही आहेत. त्यांच्या जनुककुलाचा शोध लिंडा बक व रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ मध्ये लावला आणि त्याबद्दल त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

खानदेशी भरीत हे याचे ठळक उदाहरण. त्यासाठी मोठी, हिरवट, कमी बियांची वांगी घेतात. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वांगी शेतातल्या वाळल्या काड्यांवर भाजून, सोलून, हिरवी मिरची व लसूण घालून लाकडी भांड्यात ठेचतात. वर कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे, तेल. जोडीला कळण्याची भाकरी किंवा पुरी. नाक चिमटीत धरून हे भरीत खाल्ले तर मीठ कळते, मिरची झोंबते, वांग्याचा मऊपणा जाणवतो. पण ज्यासाठी भरीत करायचे तो धुरकट खमंगपणा नाहीसा होतो. तो जळत्या काडीतील लिग्निनपासून निघालेल्या ग्वायाकॉलसारख्या फिनॉलांचा वास असतो. गॅसच्या शेगडीवर भाजलेल्या वांग्याला तीच रुची असूनही तो स्वाद येत नाही.

सर्दीत ‘तोंडाला चव नाही’ म्हणतात तेव्हाही बहुधा जीभ शाबूत असते, वाट बंद असते ती नाकाची. कोविडच्या साथीत हे लक्षण जगभर दिसले. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील (आयसर) निक्सन अब्राहम यांच्या गटाने २०२० मध्ये घ्राणक्षमता मोजणारे उपकरण वापरून, बाहेरून लक्षणे न दिसणाऱ्या बाधितांतही ही क्षमता घटलेली आढळते, हे दाखवले.

गंध व रुची यांची सांगड सवयीने बसते. वेलदोडा व जायफळ यांच्या वासाला आपण गोड म्हणतो, कारण खीर, श्रीखंड आणि पुरण यांच्या संगतीतच ते वारंवार भेटतात. अशा वासामुळे तेवढीच साखर अधिक गोड लागू शकते.

दृष्टीचा वाटा : डोळ्याला रुची कळत नाही, तो घास तोंडात जाण्याआधी अपेक्षा तयार करतो. १९८० मध्ये अमेरिकेत ड्यूबोस व सहकाऱ्यांनी फळांच्या स्वादाची पेये भलत्याच रंगांत दिली, तेव्हा ती ओळखण्यात चुका वाढल्या. नारिंगी रंगाचे चेरी-पेय काहींना संत्र्याचे वाटले. फ्रान्समध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मोरो, ब्रोशे व द्युबुर्दियू यांच्या प्रयोगात वारुणीशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी, वास नसलेल्या रंगाने लाल केलेल्या पांढऱ्या वाइनचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले.

शेवभाजीची लाल तर्री अशीच बोलकी असते. ती पाहताच जेवणारा पाण्याचा पेला जवळ ओढतो. मिरचीचा लाल रंग कॅप्सॅन्थिनसारख्या कॅरोटिनॉइडांचा, तिखटपणा कॅप्सेसिनचा. दोन्ही तेलात विरघळतात, पण एकाचे प्रमाण दुसऱ्यावर अवलंबून नसते. ब्याडगी मिरची रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य, तर लवंगी मिरचीची चिमूटही पुरते. म्हणून तर्रीच्या रंगावरून तिखटाचा अंदाज अनेकदा चुकतो.

केळीत मात्र रंग बहुतेक खरे सांगतो. फळ पिकताना सालीतील हरितद्रव्य ओसरते, पिष्टाची साखर होते आणि केळ्याचा ओळखीचा वास देणारे आयसोअमिल अॅसिटेट तयार होते. रंग, गंध, गोडी यांचा हा मेळ लहानपणापासून पाहिल्यामुळेच पिवळा रंग म्हणजे गोडी असे मनात पक्के होते.

पडताळणीच्या पद्धती : शाळेत सहज करण्याजोगा प्रयोग बडीशेपेचा. डोळे मिटून, नाक दाबून साखर लावलेली बडीशेप चावली तर फक्त गोड लागते. नाक सोडताच पुढच्या उच्छ्वासाबरोबर तिचा स्वाद उमटतो. रंगासाठी एकाच लिंबू-सरबताचे तीन भाग करून दोहोंत खाद्यरंग घालावेत आणि कोणते अधिक गोड ते विचारावे. नमुन्यांना नावांऐवजी तीन अंकी क्रमांक द्यावेत, प्रत्येकाला ते वेगळ्या क्रमाने द्यावेत, मधे साध्या पाण्याने चूळ भरावी आणि उत्तरे एकमेकांना ऐकू जाऊ देऊ नयेत. कोणाला कशाची अॅलर्जी आहे का, हे आधी विचारावे.

प्रयोगशाळेत त्रिकोण चाचणी वापरतात : तीन नमुन्यांपैकी दोन सारखे, एक निराळा; तो ओळखायचा. नुसत्या अंदाजाने एक-तृतीयांश उत्तरे बरोबर येतात. म्हणून १२ जणांपैकी ४ बरोबर आले तर काहीच सिद्ध होत नाही. ५ टक्के सार्थता पातळीवर फरक मानण्यास किमान ८ जण बरोबर यावे लागतात. रंग झाकण्यासाठी लाल प्रकाश वापरतात, गंध अडवण्यासाठी नाकाला चिमटा लावतात.

उपयोग व गैरवापर : खाद्योद्योगात पदार्थाचा रंग व गंध ठरवताना, तसेच घ्राणक्षमता मंदावलेल्या वृद्धांचा आहार आखताना हे ज्ञान कामी येते. भेसळ करणारेही डोळ्याच्या याच सवयीचा फायदा घेतात. मिरचीपुडीतील सुदान रंग आणि हळदीतील मेटॅनिल पिवळा यांना भारतात परवानगी नाही. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यासही बंदी आहे. इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत वापरता येतो. रंगावर विसंबून खरेदी करण्यापेक्षा फळ हुंगून घेणे अधिक भरवशाचे.