पुस्तकातला काळा चौकोन

चहाच्या टपरीवर आपण रोज जो क्यूआर कोड स्कॅन करतो, तसलाच एक चौकोन बालभारतीच्या पुस्तकातही असतो. घरात शाळेत जाणारं कुणी असेल तर बघा. हा चौकोन तिथे पोचला कसा, ते आज बघू.

सुरुवात जपानमध्ये. १९९४ साली डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या टीमने हा कोड बनवला, गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवायला. कारखान्यात लेबल तेलाने माखणार, फाटणार, हे गृहीतच होतं. म्हणून यात अशी सोय आहे की सर्वात वरच्या पातळीवर साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. शिवाय कंपनीने पेटंट असूनही तो सगळ्यांना मोफत वापरू दिला.

आता थेट सोलापूर जिल्ह्यात येऊ. माढा तालुक्यातलं परितेवाडी. २००९ मध्ये रणजितसिंह डिसले इथल्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीला आलेली, शेजारी गोठा. गंमत म्हणजे त्यांना आधी आयटी इंजिनिअर व्हायचं होतं. शिक्षक व्हायचं सुचवलं वडिलांनी. डिसले गुरुजींनी पुस्तकात क्यूआर कोड आणले. स्कॅन केला की कविता ऐकू येते, व्हिडिओ दिसतो, गृहपाठ मिळतो. २०१७ मध्ये राज्य सरकारने सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांत कोड आणायचं जाहीर केलं. म्हणजे एका खेड्यातला प्रयोग आपल्या पुण्यात, सेनापती बापट रोडवरच्या बालभारतीपर्यंत आला. डिसेंबर २०२० मध्ये गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलर. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली.

पण त्याच २०२० मध्ये आमच्या घरात काय चाललं होतं? माझी आई पुण्यात प्राथमिक शिक्षिका. लॉकडाऊन लागला आणि मी मोठ्या रुबाबात तिला मीटिंगची लिंक, स्क्रीन शेअर, ऑनलाइन फॉर्म, सगळं शिकवलं. पहिल्या तासाला चाळीसपैकी अकरा मुलं आली. मी म्हटलं, "आई, अ‍ॅप बदलून बघू." ती म्हणाली, "अरे, अ‍ॅपचं काय घेऊन बसलास? घरात एकच फोन, तो बाबांबरोबर कामावर जातो."

मग तिने वेळच बदलली. रात्री आठनंतर, बाबा घरी आले की, व्हॉट्सअ‍ॅपवर पाच मिनिटांचा ऑडिओ. स्मार्टफोन नसेल त्यांना साधा कॉल. हळूहळू निम्म्याहून जास्त मुलं गृहपाठ पाठवायला लागली. माझी लिंक मात्र तशीच पडून राहिली.

तेव्हा मला कळलं. फाटलेल्या पानावरचा कोड चालावा याची सोय तीस वर्षांपूर्वी एका इंजिनिअरने केली. पण घरात फोनच नसेल तर काय, ते कुठल्याच कोडमध्ये लिहिलेलं नाही. ते बघतात शिक्षक. मी नवीन काही बनवायला घेतलं की आधी फीचर्सची यादी करतो. आई आधी विचारते, कुणाच्या घरी काय आहे? हल्ली मीही तिथूनच सुरुवात करतो.

आज एक काम करा. घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या मुलाच्या पुस्तकातला कोड त्याच्याबरोबर बसून स्कॅन करा. अर्धा तास फोन त्याच्या हातात राहू द्या. भेटू पुढच्या भागात!