आयनांबरीय विक्षोभ व उपग्रह दिशादर्शन (नांदेड-लातूर)

सुमारे ६० ते १,००० किमी. उंचीवरील विद्युतभारित वातावरणाच्या थरात, म्हणजे आयनांबरात, होणाऱ्या उलथापालथीमुळे जीपीएस व नाविक यांसारख्या प्रणालींच्या संदेशांत येणारा व्यत्यय. मुक्त इलेक्ट्रॉनांमुळे संदेश रेंगाळतो; स्थाननिश्चिती काही मीटरांनी, क्वचित त्याहून अधिक चुकते. हा विलंब वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने दोन वारंवारता वापरून तो बव्हंशी काढता येतो. खरी पंचाईत लुकलुकीची, म्हणजे संदेशाची तीव्रता झपाट्याने कमीजास्त होण्याची.

चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. तेथे सूर्यास्तानंतर विरळ प्लाझ्माचे (विद्युतभारित वायूचे) बुडबुडे उठतात आणि चुंबकीय बलरेषांवरून उत्तरेकडे पसरतात. सौर कमालीच्या वर्षांत, विशेषतः मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, ते मराठवाड्यावरही पोहोचतात. तारा लुकलुकावा तसा संदेश कमीजास्त होतो, कधी तुटतोच. लातूरच्या शिवारात अशा वेळी जमीन मोजू गेल्यास रोव्हरच्या (उपग्रहसंदेश घेणाऱ्या फिरत्या यंत्राच्या) पडद्यावर ‘फिक्स’ (पक्के स्थान) जाऊन ‘फ्लोट’ (अंदाजी स्थान) उमटते. सेंटिमीटरची अचूकता डेसिमीटरवर घसरते. पण मोजणी सहसा दिवसा होते, म्हणून यामुळे बांधाचे वाद वाढत नाहीत, हे सुदैवच.

महाराष्ट्रात भारतीय भूचुंबकत्व संस्था (नवीन पनवेल) या बुडबुड्यांचा अभ्यास करते. कोल्हापुरातून त्यांची छायाचित्रे घेतली जातात. विमानांसाठीची ‘गगन’ प्रणाली आयनांबरीय विलंबाच्या दुरुस्त्या पुरवते.