राणीचा मुलगा आणि आमची पलटण

माझे बालपण खडकी बाजारात गेले. आजोबा दारूगोळ्याच्या कारखान्यात मजूर होते. त्यांचे वडील पलटणीत हवालदार. रविवारी आजोबा आम्हां पोरांना छावणीतून फिरवीत आणि सांगत, "राणीचा पोरगा आमच्या म्हाताऱ्याचा सरसेनापती होता." त्यात त्यांना अभिमान होता. मला तो पुढे खुपू लागला.

हा पोरगा म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा तिसरा मुलगा आर्थर, ड्यूक ऑफ कॅनॉट. जन्म १८५० चा. १८०३ साली असईला मराठी फौजेचा पराभव करणारा वेलिंग्टन हा त्याचा धर्मपिता. सोळाव्या वर्षी तो वूलविचच्या लष्करी विद्यालयात गेला, १८८२ साली इजिप्तमध्ये तेल-एल-कबीरला लढला आणि १८८६ च्या अखेरीस मुंबई लष्कराचा सरसेनापती झाला. थोरल्याला गादी आणि धाकट्यांना पलटणी, अशी त्या घराण्याची वाटणी. त्याला शिक्षण होते, लढाईही त्याने पाहिली होती, हे नाकारायचे कारण नाही. पण त्याच्यासाठी हुद्दा पाळण्यातच ठरलेला होता, हेही खरे. चातुर्वर्ण्य काही आपल्याच देशाची मिरासदारी नव्हे!

गणेशखिंडीतला गव्हर्नरचा वाडा खडकीला लागूनच आहे. १९४९ पासून तिथे विद्यापीठ आहे. १८९७ च्या हीरक महोत्सवाच्या रात्री तेथून परतणाऱ्या रँडचा वध झाला, हे शाळेतले पोरही सांगते. परंतु २ मार्च १८८८ चे काय? त्या दिवशी हरी रावजी चिपळूणकरांनी ड्यूक आणि डचेस यांना पुण्यात मेजवानी दिली. हिरेमोती घातलेल्या त्या मंडळींत जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात आले. समोर बसलेले हे लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी प्रजा पाहायची तर खेड्यांत चला, आणि इथल्या रयतेला शिक्षण नाही हे आपल्या आईसाहेबांच्या कानी घाला, अशा आशयाचे ते बोलले. राजपुत्राने ऐकून घेतले. पुढे काय झाले?

त्याच १८८८ साली जोतीरावांचे सहकारी, पलटणीतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी 'विटाळ विध्वंसन' काढले. १८९० मध्ये ड्यूक निघून गेला. दोनच वर्षांत महारांची लष्करभरती बंद झाली. हिंदुस्थानचे सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांना 'लढाऊ जाती'च्या सिद्धांताने पछाडले होते. कोरेगावच्या स्तंभावरील मृतांच्या ४९ नावांपैकी २२ महारांची, हा पुरावा सरकारच्याच दगडावर कोरलेला होता. पण तो कोणी वाचला नाही. १८९४ साली वलंगकरांनी दापोलीहून लष्कराच्या सरसेनापतींसाठी अर्ज तयार केला, पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनीही सरकारकडे दाद मागितली. दार उघडले ते १९१७ मध्ये, महायुद्धाला माणसे कमी पडू लागली तेव्हा. १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ पर्यंत मोडलीही.

भरतीच्या वयात आजोबांना हवालदाराचा मुलगा असूनही पलटणीत जागा नव्हती. म्हणून त्यांनी कारखान्यात दारू भरली. बंदुकीला हात लावायचा नाही, तिच्यातली काडतुसे मात्र बनवायची.

१९२१ साली म्हातारा ड्यूक पुन्हा आला आणि त्याने दिल्लीत युद्धस्मारकाची कोनशिला बसवली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तो इंग्लंडात जिवंत होता. जानेवारी १९४२ मध्ये, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी तो वारला. आजोबांनी त्या वर्षी धाकट्या मुलाला भरतीला पाठवले.